अ‍ॅकॅलेशियावरील उपचार

अन्ननलिका जठराला मिळते तिथला वर्तुळाकार स्नायू एरवी आवळलेला असतो. घास आला की सैल पडतो. अ‍ॅकॅलेशियात त्याला सैल करणाऱ्या चेतापेशीच नष्ट होतात. मग घासच काय, पाणीही छातीत अडते आणि रात्री उलटून तोंडात येते. मेलेल्या पेशी परत आणणारे औषध नाही, म्हणून सारे उपचार वाट मोकळी करण्याचेच.

इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये नोंदवलेला इलाज अचाट होता. देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्टीला स्पंज बांधून रुग्ण स्वतःच अडलेले अन्न खाली ढकलायचा. असा तो पंधरा वर्षे जेवला!

आज त्या जागी ३ ते ४ सेंमी व्यासाचा फुगा फुगवून स्नायूचे तंतू ताणून तोडतात. क्वचित अन्ननलिकेला भोक पडते. पुष्कळांना काही वर्षांनी पुन्हा फुगवावे लागते. जर्मन शल्यविशारद अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये हा स्नायू थेट कापला. ती शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होते आणि आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा थोडा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात.

जपानच्या हारुहिरो इनोऊए यांनी २००८ मध्ये तोंडावाटेच एंडोस्कोप घालून, अस्तराखाली बोगदा करून स्नायू कापला. हीच ‘पोएम’. पोटावर टाका नाही, शिवाय छेद हवा तितका लांबवता येतो. त्यामुळे अ‍ॅकॅलेशियाच्या, अन्ननलिकेला झटके येणाऱ्या तिसऱ्या प्रकारात तिला पसंती मिळते. मात्र नंतर जळजळ अधिक जणांना होते.

भूल न झेपणाऱ्या वृद्धांना बोटॉक्सचे इंजेक्शन देतात. त्याचा असर बहुधा वर्षभरात ओसरतो.