वर बर्फाचा डोंगर, खाली दूध नासतंय? फ्रीजचा डिफ्रॉस्ट टायमर असा तपासा

फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर बर्फाचा थर आणि खालच्या कप्प्यात मात्र भाजी सुकते, दूध नासते. अशा वेळी बरेचदा ‘गॅस संपला’ असे सांगितले जाते आणि हजारोंचा खर्च समोर येतो. पण फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांत फिरतो. गळती असल्याशिवाय तो संपत नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये दोष अनेकदा एका छोट्या, स्वस्त भागात असतो. तो म्हणजे डिफ्रॉस्ट टायमर.

टायमर काय करतो?

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड थंड कॉईल असते. हवेतला दमटपणा तिच्यावर गोठतो. टायमर साधारण ६ ते १२ तास कॉम्प्रेसर चालवतो, मग तो बंद करून कॉईलजवळचा हीटर सुरू करतो. २०-३० मिनिटांत बर्फ वितळतो, पाणी मागच्या ट्रेमध्ये जाते आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होतो. कॉईल पुरेशी गरम झाली की बायमेटल नावाचा छोटा स्विच हीटर बंद करतो.

बटण दाबून बर्फ काढावा लागणाऱ्या सिंगल डोअर फ्रीजमध्ये हा टायमर नसतो. अनेक नव्या, विशेषतः इन्व्हर्टर फ्रीजमध्ये हेच काम इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतो. तो घरी उघडू नका.

टायमर दोन प्रकारे अडकतो

१. कूलिंगवर अडकला तर हीटर कधीच लागत नाही. बर्फ साचतो, हवेची वाट बंद होते आणि खालचा कप्पा गरम होतो.
२. डिफ्रॉस्टवर अडकला तर आतला दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर गप्प राहतो. दोन्ही कप्पे गरम होतात.

वीज गेली की टायमरही थांबतो आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे चालतो. त्यामुळे वीज आल्यावर फ्रीज अर्धा तास गप्प असेल, तर तो डिफ्रॉस्टमध्येही असू शकतो. पाऊण तास थांबून मगच निष्कर्ष काढा.

गॅस कमी की डिफ्रॉस्ट बंद?

प्लग काढून फ्रीझरचे मागचे पॅनेल उघडा. पूर्ण कॉईलवर सारखा, जाड बर्फ असेल तर दोष डिफ्रॉस्टच्या भागांत आहे. कॉईलच्या थोड्याच भागावर बर्फ आणि बाकी कोरडी असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त.

इचलकरंजीत यंत्रमागाजवळच्या घरांत आणखी एक कारण असते. फ्रीजच्या मागची काळी जाळी उघडी असेल, तर तिच्यावर कापसाचे तंतू चिकटतात. उष्णता बाहेर पडत नाही आणि थंडावा कमी होतो. प्लग काढून मऊ ब्रशने जाळी साफ करा. पावसाळ्यात दार वारंवार उघडले किंवा दाराचे रबर सैल झाले, तरी बर्फ लवकर साचतो. तेही आधी पाहा.

टायमरची तपासणी

मॉडेलनुसार टायमर थर्मोस्टॅटच्या डब्यात, मागे कॉम्प्रेसरजवळ किंवा खालच्या जाळीमागे असतो. त्याच्या मधोमध स्क्रू-ड्रायव्हरची खाच असलेला दांडा असतो.

१. दांड्यावर पेनाने खूण करा. कॉम्प्रेसर चालू असताना २-३ तासांनी पाहा. खूण सरकली नसेल, तर टायमरची मोटर बंद आहे.
२. प्लग काढा. दांडा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ‘टक’ आवाज येईपर्यंत हळू फिरवा, मग प्लग लावा. बर्फ वितळू लागला, तर हीटर आणि बायमेटल ठीक आहेत, संशय टायमरवर. कॉम्प्रेसर थांबला, पण बर्फ वितळला नाही, तर हीटर, बायमेटल किंवा थर्मल फ्यूज तपासा.
३. फ्रीज गप्प असताना दांडा फिरवताच कॉम्प्रेसर सुरू झाला, तर टायमर डिफ्रॉस्टवर अडकला होता.

बायमेटल थंड असतानाच जोडलेला असतो. खोलीच्या तापमानाला मल्टिमीटरवर तो ‘तुटलेला’ दिसला, म्हणून लगेच खराब समजू नका.

टायमर बदलताना

- प्लग काढा. फक्त स्विच बंद करणे पुरेसे नाही.
- वायरींचा फोटो काढा. कनेक्टर धरून ओढा, वायर ओढू नका.
- जुना टायमर दुकानात घेऊन जा. २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तासांचा आकडा आणि पिनांची जुळणी सारखी हवी. आकार सारखा असला, तरी आतली जोडणी वेगळी असू शकते.
- बसवण्याआधी दारे उघडी ठेवून बर्फ पूर्ण वितळू द्या. यासाठी कधी पूर्ण दिवस लागतो. पाणी जाणारे भोक कोमट पाण्याने मोकळे करा.
- नवा टायमर कूलिंगवर ठेवून फ्रीज सुरू करा. पुढचे २-३ दिवस बर्फ पुन्हा साचतो का ते पाहा.

हे करू नका

सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ खरवडू नका. नळीला भोक पडले, तर साधी दुरुस्ती मोठी होते. फ्रीजच्या लेबलवर ‘आर-६००ए’ असेल, तर तो गॅस ज्वलनशील आहे, आसपास ज्योत किंवा ठिणगी नको. वायर जळालेली दिसली, शॉक बसला किंवा अर्थिंगची खात्री नसेल, तर मेकॅनिकलाच बोलवा.

घरात इन्सुलिन असेल, तर दुरुस्तीची वाट पाहू नका. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतात, म्हणून ते आधी शेजाऱ्यांच्या चालू फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही.

मेकॅनिक आला की एकच प्रश्न विचारा: ‘कॉईलवर बर्फ पूर्ण आहे की अर्धा?’ उत्तर ‘पूर्ण’ असेल, तर गॅस भरण्याआधी टायमर तपासायला सांगा.