मणिमंगलम ते वेरूळ : चालुक्य-पल्लव संघर्ष

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, तांबरमपासून थोड्या अंतरावर असलेल्या मणिमंगलम या गावापर्यंत आज महानगराची वस्ती येऊन ठेपली आहे. सातव्या शतकात मात्र येथे बदामीचा चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी आणि कांचीचा पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मा यांच्या सैन्यांची गाठ पडली होती. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील शतवार्षिक युद्धाने (१३३७-१४५३) युरोपची राजकीय घडण पालटली, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या सात शतके आधी दक्षिणेत सुमारे सव्वाशे वर्षे चाललेला हा संघर्ष परिणामांच्या दृष्टीने तितकाच मोलाचा असून, महाराष्ट्राच्या इतिहासातही त्याला मानाचे स्थान मिळायला हवे. कारण ऐहोळेच्या प्रशस्तीत, म्हणजे राजाच्या पराक्रमाचे काव्यमय वर्णन करणाऱ्या कोरीव लेखात, कवी रविकीर्तीने पुलकेशीला ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती म्हटले आहे.

पल्लवराजाला आपण कांचीच्या तटाआड दडायला लावले, असा चालुक्यांचा दावा होता. त्याची परतफेड नरसिंहवर्म्याने केली. त्याच्या नातवाच्या कूरम ताम्रपटात असे वर्णन येते की, पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर त्याने ‘विजय’ ही अक्षरे, पाटीवर लिहावीत तशी, लिहिली. ६४२ च्या सुमारास बदामी पडली, विजेत्याने तेथील खडकावर आपला लेख कोरवला आणि चालुक्यांची सत्ता सावरायला पहिल्या विक्रमादित्याच्या उदयापर्यंत, म्हणजे सुमारे तेरा वर्षे, वाट पाहावी लागली.

या युद्धाचे सर्वांत बोलके साधन मात्र कांचीच्या कैलासनाथ मंदिरात आहे. आठव्या शतकात दुसऱ्या विक्रमादित्याने कांची जिंकली, तेव्हा पल्लवराजा राजसिंहाने बांधलेल्या या मंदिराची संपत्ती त्याने लुटली नाही, उलट ती देवाला परत केली, असे तेथील खांबावरील कन्नड लेख सांगतो. शत्रूच्या राजधानीत, शत्रूच्याच देवालयात, जेत्याने आपल्या भाषेत केलेली ही नोंद त्या काळच्या युद्धनीतीचा एक उदात्त पैलू दाखवते. त्याची राणी लोकमहादेवी हिने पतीच्या कांचीविजयाच्या स्मरणार्थ पट्टदकल येथे लोकेश्वराचे, म्हणजे आजच्या विरूपाक्षाचे, मंदिर उभारले, आणि त्यावर कांचीच्या द्राविड शैलीची, अर्थात मजल्यामजल्यांनी चढत जाणाऱ्या शिखराच्या बांधणीची, छाप स्पष्ट दिसते. पुढे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात वेरूळचा कैलास अखंड कातळातून वरून खाली कोरला गेला, तेव्हा त्याची मांडणी विरूपाक्षाशी जुळणारी राहिली. कांचीचे शिल्प महाराष्ट्रात आले ते असे, रणवाटेने.

राजकीय हिशेब निराळा ठरला. तुंगभद्रा आणि कृष्णा यांच्यामधला सुपीक दुआब आणि वेंगीचा प्रदेश यांसाठी दोन्ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या झुंजली, पण कोणालाही दुसऱ्याची भूमी कायमची राखता आली नाही. वेंगीत पुलकेशीच्या भावाचे घराणे स्वतंत्र झाले. दुसऱ्या विक्रमादित्याच्या मुलाकडून दंतिदुर्ग या राष्ट्रकूट मांडलिकाने, म्हणजे अंकित राजाने, सत्ता हिरावली. कोल्हापूर जिल्ह्यातील सामानगडच्या ताम्रपटात (शके ६७५) कांची, केरळ, चोळ आणि पांड्य यांना नमवणारे अफाट कर्णाटक सैन्य आपण मोजक्या माणसांनिशी जिंकल्याचे तो अभिमानाने सांगतो. पल्लव आणखी शतकभर टिकले, आणि मग त्यांचेच मांडलिक असलेले चोळ त्यांना भारी पडले.