व्यवसायकर आणि अल्पवेतनी
वाशीम हा अकोला जिल्ह्याचा तालुका असताना, १९७५ साली, महाराष्ट्रात व्यवसायकराचा कायदा झाला. रोजगार हमी योजनेस निधी मिळावा, हा त्यामागील हेतू. नोकरदाराच्या पगारातील कपात कोरडवाहू मुलखातील मजुराच्या मजुरीस लागावयाची. वाशीमकडे हे दोघे पुष्कळदा एकाच घरचे! हेतू स्तुत्य खरा. परंतु घटनेच्या २७६ व्या कलमान्वये १९८८ पासून या कराची कमाल मर्यादा वर्षास २,५०० रुपये आहे. परिणामी दरमहा अकरा हजारांचा कारकून व लाखाचा अधिकारी यांवर सारखाच बोजा पडला. १९९८ साली वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे २०२३ मध्ये शासनाने फेरविचार केला, तो स्त्रियांपुरताच: त्यांची करमुक्त मासिक मर्यादा दहा हजारांवरून पंचवीस हजारांवर गेली. तेवढ्याच पगाराच्या पुरुष कारकुनाची कपात मात्र तशीच राहिली.