सनईचा सूर आणि फुंकणाऱ्याचे शिक्षण

येडशीचे नाव निघाले की रामलिंगाचे देवालय आठवते, आणि देवालय म्हटले की सनई-चौघडा आलाच. सनई ऐकणारे पुष्कळ, परंतु ती शिकावी कशी लागते याचा विचार क्वचितच होतो.

जुन्या रीतीत मुलाच्या हाती प्रथम सनई देत नसत. त्याला सूर धरावयास बसवीत. सूर हे सनईसारखेच वाद्य, पण त्यातून एकच स्वर अखंड काढावयाचा. गाल हवेने भरून ठेवावयाचे, ती हवा तोंडाने लोटीत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यावयाचा. हा दमसास साधला म्हणजे मग सनई. काशीस बिस्मिल्ला खाँ घडले ते असेच देवळाच्या आश्रयाने. त्यांचे मामा अलीबक्ष विश्वनाथाच्या देवळात शहनाई वाजवीत. पुढे २००१ साली खाँसाहेबांना भारतरत्न मिळाले.

एक वाद्य आले की दुसरे आपोआप येते, हा समज खरा नव्हे. येडशीहून धुळे-सोलापूर रस्त्याने सोलापूर गाठले की सुंदरी भेटते. ती दिसावयास सनईचे लेकरूच. आवाज अधिक उंच आणि नाजूक. सोलापूरच्या जाधव घराण्याने तिला मैफलीत मान मिळवून दिला. छिद्रे जवळजवळ असल्याने मोठ्या सनईला सरावलेली बोटे तेथे अडखळतात. बासरीला तर पत्तीच नाही; ओठ हीच पत्ती. धनगराचा पावा सहज वाजविणारा मनुष्य सनई तोंडाला लावताच नुसती फुसफुस काढतो, ती यामुळेच.

इंग्रजी अमदानीत लष्करी बँडबरोबर क्लॅरिनेट आली आणि लग्नाच्या वरातीत शिरली. सनईवाल्यांची खरी परीक्षा येथे झाली. सनईची पत्ती दुहेरी, क्लॅरिनेटची एकेरी. सनई खाली रुंदावत जाते, क्लॅरिनेटची नळी बहुतेक सरळ. म्हणून सनईत ‘सा’ची बोटे तशीच ठेवून जोराने फुंकले की वरचा ‘सा’ मिळतो. क्लॅरिनेटमध्ये वरच्या सप्तकाचा ‘प’ निघतो! म्हणजे बोटांचा सारा हिशेब नव्याने मांडावा लागतो. ज्यांनी तो मांडला त्यांनी सकाळी देवळात सनई आणि संध्याकाळी वरातीत क्लॅरिनेट वाजवून प्रपंच चालविला. त्यांना कोणी पंडित म्हटले नाही, ही गोष्ट निराळी.

आता कित्येक देवळांत आरतीला विजेवर चालणारा नगारा वाजतो आणि सनई कर्ण्यातून ऐकू येते. नगारखाना मात्र नवा, रंगविलेला असतो. जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकात दगड, सिमेंट, मजुरी, सर्व काही धरलेले असते. सूर धरणाऱ्या पोराच्या दोन-तीन वर्षांच्या जेवणाखाणाची आणि शिकविणाऱ्याच्या बिदागीची रक्कम कोठेच दिसत नाही. पायरीवर नाव कोरून घेणाऱ्या देणगीदारांपैकी एखाद्याने ही बाब आपल्या नावे लिहून घ्यावयास हरकत नाही.