मिडनबेमस्टर : तळ्याच्या तळावरील गाव

मराठी ग्रामव्यवस्थेच्या परिभाषेत वस्तीची जागा ती ‘पांढरी’ आणि कसायची जमीन ती ‘काळी’. दोन्ही संज्ञांमागे एक अध्याहृत गृहीत आहे : गाव अनादी असते, त्याचा आरंभ कोणी पाहिलेला नसतो. आम्स्टरडॅमच्या उत्तरेस असलेले मिडनबेमस्टर हे शेतकरी खेडे या गृहीताला थेट छेद देते. येथील काळीला आणि पांढरीला, दोहोंना, जन्मवर्ष आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभी येथे बेमस्टर नावाचे विस्तीर्ण तळे होते. 1607 मध्ये ते आटवण्याचे काम सुरू झाले. तळ्याभोवती बांध व कालवा काढून 40हून अधिक पवनचक्क्यांनी पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलले जात होते. 1610 च्या वादळात समुद्राकडील बांध फुटला आणि बरेचसे रिते झालेले तळे पुन्हा भरले. अखेर 1612 मध्ये सुमारे 7,200 हेक्टर जमीन कोरडी होऊन भागधारकांत वाटली गेली. ती आजही समुद्रसपाटीच्या सुमारे साडेतीन मीटर खाली आहे.

या उपक्रमाचे श्रेय लोकस्मृतीत यान लेघवाटर या पवनचक्की-कारागिराला मिळते. तो अनेक कारागिरांपैकी एक होता. मात्र त्याने स्वतःच्या कामाविषयी लिहून ठेवले. भांडवल होते डिर्क व्हान ओससारख्या व्यापाऱ्यांचे. हाच व्हान ओस 1602 मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या आद्य संचालकांपैकी एक. जमिनीची सरळ रेषांतील चौकोनी आखणी गुंतवणुकीच्या हिशेबालाही सोयीची होती. पुष्कळ मालक शहरांत राहत आणि शेती खंडाने कसली जाई. जमीन ओल धरत असल्याने धान्यापेक्षा कुरणे व दुभती जनावरे हा पुढे येथील शेतीचा आधार ठरला. पिरॅमिडसारख्या छपराखाली माणसे, गुरे आणि वैरण एकत्र सामावणारी घरे ही त्याच अर्थव्यवस्थेची वास्तुरूपे होत.

‘मिडन’ म्हणजे मधले. आखणीच्या मध्यभागी, रस्त्यांच्या छेदावर हे गाव वसले. येथील चर्चचे बांधकाम 1623 मध्ये पूर्ण झाले. त्याआधी एक वर्ष, 1622 मध्ये, या दशवर्षीय भूमीवर चित्रकार कारेल फाब्रिशियस जन्मला.

वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने गावाचे महत्त्व बेत्ये वोल्फ (1738–1804) या लेखिकेमुळे आहे. 1759 मध्ये तिने आपल्याहून 31 वर्षांनी मोठ्या असलेल्या येथील धर्मोपदेशकाशी विवाह केला. त्याच्याच निवासात राहून 1772 मध्ये तिने कर्मठ धर्मोपदेशकांचा उपहास करणाऱ्या रचना प्रसिद्ध केल्या. 1777 मध्ये पतीचे निधन झाले. ते घर पतीच्या पदाशी बांधलेले होते. विधवेचा त्यावर हक्क नव्हता. आख्ये डेकन या मैत्रिणीसह ती बांधापलीकडच्या डे रैप या जुन्या गावी गेली. दोघींची ‘सारा बुर्गरहार्ट’ ही पत्ररूप कादंबरी 1782 मध्ये प्रसिद्ध झाली. डच कादंबरीच्या विकासातील हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

वोल्फ राहत असे ते धर्मोपदेशकाचे घर आज संग्रहालय आहे. युनेस्कोने 1999 मध्ये बेमस्टरला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो मानवी बुद्धीने रचलेल्या भूदृश्याबद्दल. पुढे 1 जानेवारी 2022 रोजी बेमस्टरची स्वतंत्र नगरपालिका पुर्मरेंडमध्ये विलीन झाली. नकाशावरील समचौकोन मात्र टिकून आहेत. त्या समचौकोनांतून समता सूचित होते; पण भूखंडाची मालकी, खंडाने कसणारा शेतकरी आणि घर सोडून जाणारी विधवा यांचा इतिहास त्या रेषांत उमटत नाही. त्यासाठी नकाशाबरोबर खंडपत्रे आणि कादंबरीही वाचावी लागते. भूगोल आणि वाङ्मय यांचा तौलनिक अभ्यास येथे अपरिहार्य ठरतो तो याच कारणाने.