समांतर फाइल प्रणालीतील दोषनिवारण

समांतर फाइल प्रणालीतील दोषनिवारण म्हणजे संगणकसमूहाच्या, अर्थात क्लस्टरच्या, सामायिक साठवणीत निर्माण झालेल्या अडथळ्याचे नेमके स्थान शोधून, साठवलेल्या माहितीला धक्का न लावता तो दूर करण्याची पद्धत होय. एकाच फाइलचे तुकडे अनेक सर्व्हरांवर ठेवून ते शेकडो संगणकांना एकाच वेळी वाचता-लिहिता यावेत, यासाठी समांतर फाइल प्रणाली वापरली जाते. लस्टर, आयबीएमची जीपीएफएस आणि बीजीएफएस या प्रचलित प्रणाली आहेत. पुढील विवेचन मुख्यतः लस्टरला अनुसरून केले आहे.

== रचना ==
लस्टरचे काम १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात पीटर ब्राम यांनी सुरू केले. लिनक्स आणि क्लस्टर या दोन शब्दांच्या संयोगातून तिचे नाव तयार झाले. तिच्यात तीन घटक असतात. फाइलचे नाव, मालक, परवानग्या आणि तुकड्यांचा ठावठिकाणा यांची नोंद मेटाडेटा सर्व्हर ठेवतो. प्रत्यक्ष मजकूर ऑब्जेक्ट सर्व्हरांच्या ताब्यातील कप्प्यांत असतो. या कप्प्यांना ओएसटी म्हणतात. गणन करणारे संगणक हे या व्यवस्थेचे ग्राहक होत.

लातूरच्या आडत बाजाराशी परिचित असलेल्या वाचकास ही रचना सहज उमजेल. मुनीम वही पाहून माल कोणत्या गोदामात आहे एवढेच सांगतो; पोती उचलण्यासाठी हमालांना थेट गोदामाकडे जावे लागते. मुनीम आजारी पडला तर सारा बाजार थांबतो. एखादे गोदाम बंद पडले तर केवळ त्यातील माल अडतो. दोषनिवारणातील पहिला प्रश्न या भेदातूनच उपजतो.

== महाराष्ट्रातील वापर ==
पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. परम १०००० या पुढील यंत्रासाठी संस्थेने सी-पीएफएस ही स्वतःची समांतर फाइल प्रणाली विकसित केली होती. राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत पुण्याच्या आयसर संस्थेत बसवलेल्या परम ब्रह्म या यंत्रात लस्टरचा वापर आहे.

मराठवाड्याचा या विषयाशी संबंध हवामान अंदाजाच्या मार्गाने येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील प्रत्युष हा महासंगणक ८ जानेवारी २०१८ रोजी राष्ट्रार्पण झाला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्याच संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा अर्क कार्यान्वित झाला. अर्कची साठवण ३३ पेटाबाइट आहे. अशा यंत्रांवर चालणाऱ्या प्रारूपांच्या आधारे भारतीय हवामान विभाग अंदाज देतो, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून विभागासाठी कृषी हवामान सल्ला प्रसृत होतो. लातूर वा नांदेड जिल्ह्यातील शेतकरी सोयाबीनची पेरणी, फवारणी किंवा काढणी या सल्ल्यावर ठरवीत असेल, तर अंदाज वेळेत हाती येणे अगत्याचे असते. गणित अचूक झाले पण निकाल लिहिणारी साठवण सहा तास अडकली, तर काढून पसरलेले पीक भिजल्यावर आलेल्या अंदाजाचा उपयोग नाही.

== दोषाचे स्थान निश्चित करणे ==
‘यंत्रणा अडकली आहे’ ही वापरकर्त्याची तक्रार बहुधा खरी असते, परंतु तिच्यातून कारण कळत नाही. प्रथम एवढे पाहावे की अडचण एकाच संगणकावर आहे, काही संगणकांवर आहे की सर्वत्र आहे. एकाच ठिकाणी असल्यास दोष त्या संगणकात किंवा त्याच्या जाळ्याच्या तारेत शोधावा. सर्वत्र असल्यास सर्व्हरकडे वळावे.

यानंतर एक साधी चाचणी फार उपयोगी पडते. ‘एलएस’ ही आज्ञा केवळ नावांची यादी मागते, आणि ती मेटाडेटा सर्व्हरकडून मिळते. ‘एलएस -एल’ फाइलींचा आकारही मागते, आणि तो सामान्यतः ऑब्जेक्ट सर्व्हरांना विचारावा लागतो. पहिली आज्ञा चालते व दुसरी अडकते, असे दिसल्यास मुनीम ठीक असून एखादे गोदाम बंद आहे, असे समजावे. ‘एलएफएस चेक सर्व्हर्स’ या आज्ञेने कोणत्या सर्व्हरशी संपर्क नाही ते कळते, तर ‘एलसीटीएल पिंग’ने जाळ्याची वाट तपासता येते. अडकलेली प्रक्रिया ‘डी’ अवस्थेत असेल, तर तिला सक्तीने मारण्याची आज्ञाही लागू पडत नाही; सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत ती तशीच राहते. ती पुनःपुन्हा मारण्यात वेळ दवडू नये.

== जागा असूनही ‘जागा नाही’ ==
नवशिक्यास सर्वाधिक बुचकळ्यात टाकणारा दोष हाच होय. एकूण साठवणीचा मोठा भाग मोकळा दिसतो, तरी लेखन ‘जागा शिल्लक नाही’ या संदेशाने थांबते. ‘डीएफ’ ही नेहमीची आज्ञा सर्व कप्प्यांची बेरीज दाखवते. ‘एलएफएस डीएफ’ प्रत्येक कप्प्याचा हिशेब वेगळा देते. तेव्हा एकच कप्पा काठोकाठ भरल्याचे उघड होते.

मूळ मांडणीनुसार लस्टर संपूर्ण फाइल एकाच कप्प्यात ठेवते. एखाद्याने कित्येक टेराबाइटची एकच फाइल लिहिली, की तो कप्पा भरतो आणि त्याच कप्प्यात तुकडे असलेल्या इतरांच्या फाइलीही वाढू शकत नाहीत. दोष एकाचा, त्रास दुसऱ्याला, असा हा प्रकार असल्याने तक्रार करणाऱ्यास अपराधी ठरवण्याची घाई करू नये. ‘एलएफएस गेटस्ट्राइप’ने फाइल कोठे आहे ते पाहावे, त्या कप्प्यात नवीन वस्तूंची निर्मिती थांबवावी आणि मोठ्या फाइली ‘एलएफएस मायग्रेट’ने अन्यत्र हलवाव्यात. पूर्वी काही ठिकाणी असा कप्पा मेटाडेटा सर्व्हरवर सरळ निष्क्रिय करीत. त्यामुळे पुसलेल्या फाइलींची जागाही मोकळी होत नसे, आणि उपायच अपाय ठरे. मोठ्या फाइली लिहिण्यापूर्वी त्या निर्देशिकेस ‘एलएफएस सेटस्ट्राइप’ने अनेक कप्पे नेमून देणे हा मुळावरचा उपाय आहे.

सर्व कप्पे मोकळे असतील तर दोन शक्यता तपासाव्यात: वापरकर्त्याचा नियत वाटा संपला आहे काय, आणि मेटाडेटा सर्व्हरवरील इनोड संपले आहेत काय. दुसऱ्या बाबीसाठी ‘एलएफएस डीएफ -आय’ ही आज्ञा आहे.

== लहान फाइलींचा भार ==
लाखो लहान फाइली एकाच निर्देशिकेत तयार केल्यास मजकुराचा भार क्षुल्लक, पण नोंदींचा भार प्रचंड होतो. प्रत्येक पोत्यासाठी वहीत स्वतंत्र ओळ लिहावी लागावी, तसे हे आहे. अशा फाइली एका संग्रहफाइलीत बांधणे किंवा गणनसंगणकाच्या स्थानिक डिस्कवर हाताळणे श्रेयस्कर. कोणते काम भार टाकीत आहे, हे लस्टरच्या ‘जॉबस्टॅट्स’ या सोयीने कळते.

== ग्राहकाची हकालपट्टी ==
एका फाइलवर अनेकांनी एकाच वेळी लिहून गोंधळ होऊ नये म्हणून सर्व्हर ग्राहकांना कुलपे देतो. परत मागितलेले कुलूप ग्राहकाने मुदतीत दिले नाही, तर सर्व्हर त्याला बाहेर काढतो. ग्राहकाच्या स्मृतीत असलेला, परंतु अद्याप न लिहिलेला मजकूर त्यात नष्ट होतो. नोंदवहीत ‘इव्हिक्टेड’ असा शब्द दिसल्यास दोष सर्व्हरचा मानण्यापूर्वी त्या ग्राहकाची स्मृती संपली होती काय आणि जाळे तुटले होते काय, हे पाहावे. यासाठी सर्व संगणकांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. अन्यथा आधी काय घडले व नंतर काय, हेच कळत नाही.

सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर जुने ग्राहक परत जोडले जाऊन आपले अपुरे व्यवहार पुन्हा सादर करतात. या पुनर्प्राप्तीच्या काळात यंत्रणा थंड दिसते. उतावीळपणे ती मध्येच तोडल्यास न जोडलेल्या ग्राहकांचे काम बुडते. येथे वाट पाहणे हेच काम असते.

== दुरुस्तीतील धोका ==
नोंदी व मजकूर यांचा मेळ बसत नसल्यास ‘एलएफएससीके’ ही तपासणी चालवतात. ती प्रथम केवळ तपासणीच्या रीतीने, बदल न करता चालवावी.

देखभालीतूनच हानी झाल्याचे ठळक उदाहरण जपानच्या क्योतो विद्यापीठातील आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील महासंगणकावर जुन्या नोंदफाइली पुसणारी आज्ञावली चालू असतानाच तिची सुधारित आवृत्ती तिच्यावर लिहिली गेली. चालू आज्ञावली मध्येच नवा मजकूर वाचू लागली, त्यातील चलांना किंमत उरली नाही, आणि नोंदफाइलींऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या गेल्या. सुमारे ७७ टेराबाइट माहिती व ३ कोटी ४० लाख फाइली गेल्या. १४ संशोधनगटांना झळ पोचली. त्यांपैकी चार गटांची माहिती परत मिळवता आली नाही. डिस्क, तारा आणि सर्व्हर यांपैकी काहीही त्या वेळी बिघडलेले नव्हते.

समांतर साठवणीतील तात्पुरत्या, म्हणजे ‘स्क्रॅच’ विभागाची प्रत सहसा ठेवली जात नाही आणि ठरावीक मुदतीनंतर तेथील फाइली पुसल्या जातात. प्रबंधाचे निष्कर्ष तेथेच ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने ते काम संपताच अन्यत्र उतरवून घ्यावेत.