लायबल आणि स्लँडर

अब्रुनुकसानीच्या इंग्रजी कायद्यातील दोन संज्ञा. लेखी, छापील किंवा चित्ररूप, म्हणजे मागे टिकून राहणारी बदनामी ती लायबल. तोंडी किंवा हातवाऱ्यांनी केलेली ती स्लँडर.

खरा भेद पुराव्याच्या ओझ्यात आहे. लायबलमध्ये नुकसान झालेच असे कायदा धरून चालत असे. स्लँडरच्या वादीला मात्र पैशात मोजता येईल असे नुकसान दाखवावे लागते. तुरुंगवासाच्या गुन्ह्याचा आळ किंवा धंद्यातल्या लायकीवर उडवलेले शिंतोडे एवढेच मुख्य अपवाद. २०१३च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये दोन्हींसाठी ‘गंभीर हानी’ची अट घातली, तरी जोडी मोडलेली नाही.

या भेदामागे तर्कापेक्षा परंपराच जास्त. १८१२च्या थॉर्ली विरुद्ध केरी खटल्यात लॉर्ड केरींना ढोंगी ठरवणारे एक पत्र होते. ते मोहोरबंद नव्हते. नेणाऱ्या नोकराने वाटेत वाचले, आणि तेवढ्याने बदनामी पुरी झाली. हेच शब्द तोंडी असते तर दावा उभा राहिला नसता. हा भेद आपल्याला पटत नाही, पण जुने निवाडे मोडता येत नाहीत, असे सरन्यायाधीश मॅन्सफील्ड यांनी निकालातच नोंदवले. पुढे बोलपट आले आणि पंचाईत झाली: पडद्यावरचे बोलणे कशात धरायचे? १९३४मध्ये रास्पुतिनवरील चित्रपटाच्या खटल्यात ते लायबल ठरले. रेडिओ-दूरचित्रवाणीचा प्रश्न १९५२च्या कायद्याने त्याच बाजूने सोडवला.

भारताने ही कटकट बरीचशी टाळली. १८६०च्या दंडसंहितेच्या कलम ४९९ने बोललेले, लिहिलेले आणि खुणांनी दाखवलेले एकाच व्याख्येत बसवले; आजच्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५६ आहे. दिवाणी बाजूलाही मद्रास उच्च न्यायालयाने १८८४मध्येच इंग्रजी भेद नाकारला.

टिळकांनी भारतीय आणि इंग्रजी असे दोन्ही कायदे अनुभवले. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीबद्दल १८८२मध्ये ते आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकावरून व्हॅलेंटाइन चिरोलविरुद्ध लंडनमध्ये लावलेला लायबलचा दावा ते १९१९मध्ये हरले, आणि खर्चाचा मोठा बोजा त्यांच्या अंगावर पडला.